कड्याखालच्या चपला

सोमवार, ५ फेब्रुवारी

मुंगे,

तुझी आज्ञा शिरोधार्य मानून काल आईला समुद्रावर नेऊन आणलं. 'घरात कोंडून ठेवू नकोस, मोकळ्यावर ने' हे तू सहज लिहिलंस, कारण तुला फक्त लिहायचं होतं. एकशे बारा पायऱ्यांची अधोगती माझ्या वाट्याला आली, आणि परतीचं आरोहणही.

फोनच करणार होतो. पण हल्ली फोन वाजला की आई तो उशीखाली दाबून ठेवते आणि 'रडतोय बिचारा' म्हणते. तेव्हा आपली पत्रंच बरी. शिवाय तुझ्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करायला मिळतात. मुद्रितशोधकाला सुट्टीच्या दिवशी दुसरी कुठली करमणूक असणार?

आपला किनारा आहे तसाच आहे. भर शहरात असून शहराला त्याचा पत्ता नाही. वर बसचा थांबा, दवाखाना, हॉर्नचा कल्लोळ; आणि कठड्याशी जाऊन खाली पाहिलं की सगळं गप्प. तीन बाजूंनी उभे कडे असल्यामुळे वारासुद्धा आत यायचं तर परवानगी काढून येतो. पाणी ताटात ओतल्यासारखं. पोरं, आया, छत्र्या, डबे. शिट्टीकाका अजून त्याच उंच खुर्चीवर आहेत. अडतीस वर्षं जीवरक्षकाची नोकरी झाली आणि या प्रदीर्घ अवधीत रक्षणासाठी एकही जीव उपलब्ध झाला नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. शिट्टी गळ्यात असते, पण ती वाजते का हे त्यांनाही नक्की माहीत नाही.

आता आईचं सांगतो. घरी ती दिवसभर कपाटं उघडते आणि लावते. मला इस्त्रीवाला समजते. परवा दोन चादरी हातात देऊन म्हणाली, उद्या हव्यात, आणि मागच्या वेळेसारख्या जाळू नका. मी इस्त्री करून दिल्या. जाळल्या नाहीत.

पण काल खाली उतरल्यावर तिने चष्मा काढून पंचात गुंडाळला, कड्याच्या कपारीखाली चपला ओळीत लावल्या, वाळूत पाय खुपसून बसली आणि मला माझ्या नावाने हाक मारून म्हणाली, पाय झाडल्याशिवाय चपला घालू नकोस. मुंगे, सात महिन्यांनी माझं नाव ऐकलं. मला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतेय.

पाच वाजता निघायच्या वेळी घोटाळा झाला. तुला आठवत असेल, ती चपला मोजल्याशिवाय निघायची नाही. काल मोजल्या तर दोन जोड. म्हणाली, आपण चौघं आलो होतो. बाबांचं तिने स्वतःच मिटवलं: ते ऑफिसातून परस्पर येतील. मग म्हणाली, मुंगीच्या कुठायत? मी सांगितलं की मुंगी नोकरीसाठी लांब गेलीय. त्यावर माझ्याकडे असं पाहिलं की मी सपशेल चूक आहे हे मलाच पटलं.

"सात वर्षांच्या पोरीला नोकरी कोण देतं?"

आणि पुन्हा बसली. साडेसहापर्यंत हलली नाही. शेवटी शिट्टीकाकांनी आणि मी मिळून जवळजवळ उचलून वर आणली. सगळ्या पायऱ्यांवर तुझ्या नावाने हाका मारत होती. बसमधल्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

पुढच्या रविवारी न्यावं की नाही, कळवणे.

तुझा,
दादा


मंगळवार, १३ फेब्रुवारी

दादा,

पत्र लॅबमध्ये वाचलं, डाव्या हातात कुणाच्यातरी खालच्या जबड्याची कवळी धरून. 'नोकरी कोण देतं' हे मी शेजारच्या मुलीला हसत हसत सांगायला गेले आणि मध्येच थांबले. तिने मला पाणी आणून दिलं.

न्यायचंच. विचारतोस काय? तुला नावाने हाक मारली म्हणतोस आणि वर विचारतोस न्यावं की नाही.

मला जूनच्या आधी रजा नाही. लॅबमधल्या आम्हा पाचजणींतल्या दोघी सोडून गेल्यात आणि दातांशिवाय म्हातारी माणसं थांबत नाहीत. पण एक सुचलंय. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या लाल रबरी चपला असणार. डाव्या पायाचा पट्टा सेफ्टी पिनने जोडलेला आहे. आई काही टाकत नाही. त्या बरोबर ने आणि रांगेत ठेव. मोजणी पुरी झाली म्हणजे उठेल.

आणि कवळी डाव्या बाजूला घासते का बघ. तीन वर्षांपूर्वी माप घेतलं तेव्हापासून हिरड्या आवळल्या असणार. जेवताना गाल आत ओढते का? मला खरं काय ते लिही. तुझे विनोद वाचून मला कळत नाही, बरं चाललंय की वाईट.

मुंगी

ता. क. लाल शाई माझ्यासाठी वाया घालवू नकोस.


सोमवार, १९ फेब्रुवारी

मुंगे,

तुझ्या पत्रात चुका अकरा. पण कल्पना निर्दोष, म्हणून सगळ्या माफ.

चपला मिळाल्या. ट्रंकेत अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. माझ्या तळहातावर एक मावते. पिन गंजलीय, पण शाबूत आहे.

काल त्या पिशवीत लपवून नेल्या आणि पाच वाजता, आई तोंड धूत असताना, गुपचूप कपारीखाली मांडल्या. तिने मोजल्या. तीन. तिसऱ्या जोडावरून हात फिरवला, वाळू झटकली. मी म्हटलं, मुंगी अनवाणीच वर पळाली. त्यावर तुला एक शेलकी शिवी मिळाली, ती इथे लिहीत नाही, आणि आपण होऊन पायऱ्या चढायला लागली. तुझ्या चपला हातात घेऊन. एकशे बारा. मी मागे धापा टाकत.

वर बसथांब्यावर आल्यावर मुंगीचं विसरून गेली आणि मला विचारलं, इस्त्रीचं दुकान आज बंद का. तेही चाललं. दुपारभर मी मुलगा होतो. एवढा पगार पुरे.

कवळीचं म्हणशील तर डावीकडे घासतेय खरी. दुपारी काढून खिशात ठेवते. तुझे दात तिच्या खिशात असतात, आणि त्यांना ती रुमालाने पुसते.

दादा


मंगळवार, २७ फेब्रुवारी

दादा,

इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दोन कवळ्या जास्त केल्या.

एकच सांगते. चपला शेवटी का काढतोस? म्हणजे दुपारभर ती मनातल्या मनात शोधत असणार. गेल्यागेल्याच मांड ना. समोर दिसत राहिल्या तर तिला वाटेल, मी तिथेच आहे. तूही निवांत बसून तुझी ती मुद्रितांच्या गठ्ठ्याची कामं कर. हे मी इतक्या लांबून सांगतेय म्हणून रागावू नकोस. मला इथून एवढंच करता येतं.

मुंगी


बुधवार, १४ मार्च

मुंगीबाईंस,

आमचे येथे सर्व क्षेमकुशल आहे. हवामान सुखद, प्रजा संतुष्ट, इस्त्रीचा व्यवसाय तेजीत.

समुद्रविहार तूर्त स्थगित आहे. पायऱ्यांची डागडुजी काढली आहे आणि नगरपालिकेने काढलेल्या डागडुजीचे आयुर्मान तुला ठाऊकच आहे; कासवाने हेवा करावा. तोवर आम्ही दोघे रविवारी खिडकीत बसतो. आईला किंचित सर्दी आहे, काळजीचं कारण नाही. चपला जपून ठेवल्या आहेत.

कार्यालयात कामाचा डोंगर आहे, म्हणून थोडक्यात आवरतो.

दादा


शुक्रवार, २३ मार्च

दादा,

मला तुझं हे पत्र आवडलं नाही. तू लहानपणी बाबांच्या सहीचा कागद हरवलास तेव्हा असाच पुस्तकी बोलायला लागला होतास.

खरं सांग, तुला कंटाळा आलाय. दर रविवारी तेवढ्या पायऱ्या, मला समजतं. पण तसं लिही ना. तिथे ती तुला ओळखते हे तूच लिहिलंस, आणि आता खिडकीत बसवून ठेवतोस. डागडुजी म्हणे. मी शिट्टीकाकांनाच पत्र टाकून विचारतेय, पायऱ्या कधी सुरू होणार ते. ते तरी सरळ उत्तर देतील.

मुंगी


सोमवार, २ एप्रिल

मुंगीताई,

नमस्कार. तू लहान होतीस तेव्हा नुसतं मुंगी म्हणायचो, आता ताई लावतो. मला लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घे.

पायऱ्या चांगल्या आहेत. कसली डागडुजी नाही. तुझा दादा खोटं का बोलला ते मला कळतंय, म्हणून तू त्याला बोलू नकोस.

अकरा मार्चला तुझी आई पाण्यात गेली. कपड्यांसकट, छातीपर्यंत. मी खुर्चीवरून बघितलं तेव्हा ती हात पुढे करून चालतच होती, आणि तुला हाका मारत होती. शिट्टी फुंकली तर पहिल्यांदा नुसती हवा. मग वाजली. मी आणि लेकरं घेऊन आलेल्या एका बापाने बाहेर आणली. पाणी गेलं नव्हतं पोटात. पण गार पडली होती, आणि मला मारत होती. म्हणत होती, मला काय ओढता, पोरीला काढा, केव्हाची आत आहे, चपला बाहेरच आहेत.

ताई, तुम्हा दोघांना हे माहीत नसणार. तुम्ही तेव्हा पाण्यात असायचात. मी वरून बघायचो. तुझ्या आईला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही आणि तुषारांनी चष्मा खराब होतो म्हणून ती काढून ठेवायची. मग ती तुमच्याकडे बघायचीच नाही, चपलांकडे बघायची. पाण्यातून बाहेर आलं की आधी चपला घालायच्या, असा तुम्हाला दम होता. रांगेत ज्याच्या चपला रिकाम्या तो पाण्यात. जरा जास्त वेळ झाला की उठून काठाशी जायची. मोजायची ती निघताना नाही, सारखीच मोजायची.

त्या दिवशी दुपारभर तुझ्या लाल चपला रिकाम्या तिच्यासमोर होत्या.

शिट्टीकाका


सोमवार, ९ एप्रिल

दादा,

काकांचं पत्र आलं. शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

मी सांगितलं होतं गेल्यागेल्या मांड म्हणून. मी.

मॅनेजरला सांगितलं, रजा द्या नाहीतर तुमची नोकरी राहू द्या. चार दिवस मिळाले. शनिवारी एकवीस तारखेला पोचते, मंगळवारी निघते. स्टेशनवर येऊ नकोस, आईला एकटीला सोडू नकोस. मी येईन माझी मी.

मुंगी


शनिवार, १४ एप्रिल

मुंगे,

हे तू निघायच्या आधी पोचेल असं वाटतं. समोरासमोर मला सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

मी गठ्ठा घेऊन गेलो होतो. शब्दकोशाचं काम, सोमवारी द्यायचं होतं. आई शेजारी बसली होती, तुझ्या चपलांकडे बघत. मला वाटलं, किती शांत बसलीय. ती तेव्हा वेळ मोजत होती. मी एक पान वाचलं. फक्त एक, मुंगे. दोन चुका सापडल्या, समासात खुणा केल्या, वर बघितलं तर रांगेत तीन जोड होते आणि आई नव्हती.

शिट्टी ऐकली, तरी मला उठता येईना. पेन टोपण लावून खिशात ठेवलं, ते नीट आठवतंय. आधी टोपण लावलं.

त्यानंतर तिने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. खिडकीत बसून रोज म्हणते, समुद्रावर जाऊ. मी म्हणतो, उद्या. मला त्या पायऱ्या उतरवत नाहीत. तू आलीस की तू ने. मी वर बसथांब्यावर थांबेन. एवढं माझ्यासाठी कर.

सहज म्हणून सांगतो, तुझ्या मागच्या पत्रात एकही चूक नव्हती.

दादा


शनिवार, २८ एप्रिल

दादा,

परत आले. पोचले, जेवले, कामावर गेले. तिथे असताना तू काही विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. पण खाली काय झालं ते तुला माहीत असायला हवं.

शनिवारी मी कवळीची कड घासून दिली तेव्हा तू होतासच. कशी पटकन तोंड उघडून बसली. माझं बोट तिच्या हिरडीवर होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, दवाखान्यात बघतात तशी. तेव्हापासून मी डॉक्टरीणबाई. रविवारी पायऱ्या उतरतानाही तेच: डॉक्टरीणबाई, सांभाळून, इथे ओलं असतं.

लाल चपला मी मुद्दाम नेल्या होत्या. तुला पिशवीत दाखवल्या नाहीत. मी मनाशी ठरवलं होतं की तिची मुलगी पाण्यात आहे ना, मग पाण्यातून बाहेर येऊन दाखवायचं. एकदा तरी तिचा हिशेब पुरा करायचा.

तिने तीन जोड लावले. तिच्या, माझ्या मोठ्या, आणि त्या. जरा वेळाने म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझी मुलगी आत आहे. मला चष्म्याशिवाय दिसत नाही. जरा लक्ष ठेवाल?" मी म्हटलं, मीच बघून येते.

पाणी तसंच आहे रे. गुडघ्यापर्यंत कोमट आणि पुढे एकदम गार. पूर्ण भिजले, डोकं बुडवून आले. काका खुर्चीवरून बघत होते. बाहेर येऊन तिच्यासमोर उभी राहिले, केस गळत होते, आणि त्या चपलांत बोटं घातली. अर्धं पाऊल बाहेर. पट्टा ताणला गेला.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

"बाई, त्या माझ्या मुलीच्या आहेत," म्हणाली. "काढा. तुटल्या तर ती अनवाणी येईल."

मी काढल्या. तिने वाळू झटकून परत रांगेत लावल्या.

मग आम्ही बसलो. मी पंचाने स्वतःचं डोकं पुसलं. तिने मला संत्र्याच्या फोडी दिल्या, बिया काढून. पाच वाजले, साडेपाच वाजले, ती सारखी काठाकडे बघायला लागली आणि उठायच्या बेताला आली. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, तुम्ही काकांबरोबर वर चला, तुमच्या मुलीला मी घेऊन येते. जबाबदारी माझी.

 जिभेने डावीकडची कड चाचपली.

"नक्की आणाल ना?"

हो म्हटलं. आणि दादा, गेली. काकांचा हात धरून, मागे न बघता. मी तिथे माझ्याच चपलांशेजारी बसून राहिले. म्हणून मला वर यायला अर्धा तास उशीर झाला. मी आले तेव्हा ती तुझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, ते बरं झालं. नाहीतर काय दाखवणार होते तिला?

मुंगी


सोमवार, ७ मे

मुंगे,

सोबत एक पुडकं आहे. आधी पत्र वाच, मग ते उघड.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, आईला खाली घेऊन गेलो. गठ्ठा नेला नाही. उतरताना पायऱ्या मोजल्या, एकशे बाराच भरल्या. काकांनी मला पाहून खुर्चीवरूनच हात केला. जुनी शिट्टी काढून नवी घेतली आहे आणि दिवसातून दोनदा वाजवून बघतात, पोरं दचकतात.

तुझ्या चपला मी घरी ठेवल्या होत्या. मनाची तयारी करून गेलो होतो की पुन्हा साडेसहा वाजणार. दुपारभर आई निवांत होती. मला एकदा नावाने हाक मारली, एकदा तुझ्या, एकदा बाबांच्या. तिन्हीला ओ दिली.

पाच वाजता तिने रांग मोजली. दोन. मी काय सांगायचं ते घोकून ठेवलं होतं, पण माझ्यावर वेळच आली नाही. मला समजावल्यासारखं म्हणाली, "मुंगी डॉक्टरीणबाईंकडे आहे. चांगल्या बाई आहेत, हात हलका आहे. त्या आणतील."

पाय झाडले, चपला घातल्या आणि चालू लागली. मी मुद्रितशोधक आहे, म्हणून त्या कपारीखाली पुन्हा एकदा बघून घेतलं. काही राहिलं नव्हतं.

निम्म्या पायऱ्यांवर मात्र थांबली. म्हणाली, पण पोर अनवाणी गेली. तिकडे पाठवून दे. घरी आल्यावर ट्रंकेतून वर्तमानपत्र काढून तिने स्वतः बांधल्या. गंजकी पिन काढून मी नवी लावली आहे, तेवढी लुडबुड माझी.

तू जूनमध्ये येशील तेव्हा आणू नकोस. तिच्या लेखी त्या आता तुझ्याकडे आहेत, आणि तू त्या बाईंकडे.

पुडकं मिळालं की लगेच कळव. सकाळपासून तीनदा विचारून झालंय, चपला पोचल्या का म्हणून.

दादा